व्यवसायाचे धोरण आणि माहितीचे यंत्र

तंजावर हे नाव मराठी वाचकास परके नाही. व्यंकोजीराजांनी तेथे स्थापिलेले भोसल्यांचे राज्य, दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख यांमुळे कावेरीच्या त्या मुलखाशी आपले जुने नाते आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्या वैभवाचे वर्णन करावयाचे नाही. तंजावर शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, त्याच जिल्ह्यात, कुंभकोणम हे नगर आहे. मंदिरे, विड्याची पाने आणि कॉफी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली येथेच, एका तंजावरी मराठी कुटुंबात झाला. या नगरात सिटी युनियन बँकेचे मुख्य कार्यालय आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत या बँकेत जे घडले त्याचा विचार केल्यास, संगणकाच्या युगात व्यवसायाचे धोरण कोणी व कसे ठरवावे, या प्रश्नावर चांगला प्रकाश पडतो.

बँकेची स्थापना ३१ ऑक्टोबर १९०४ रोजी ‘कुंभकोणम बँक लिमिटेड’ या नावाने झाली. तिची पहिली शाखा निघाली ती १९३० साली, मन्नारगुडी येथे. म्हणजे पहिली पंचवीस वर्षे ही संस्था आपल्या गावाबाहेर शाखा काढण्याच्या भानगडीत पडली नाही. पुढे १९४५ साली तिचा समावेश रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीत झाला, १९६५ मध्ये आणखी दोन लहान बँका तीत विलीन झाल्या आणि १९८७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. भाताच्या शेतीवर आणि लहान व्यापाऱ्यांच्या उलाढालीवर वाढलेली ही बँक आहे. ऋण मागणाऱ्याचे घर, शेत व चालचलणूक व्यवस्थापकास ठाऊक असे, आणि हे ठाऊक असणे हाच त्या व्यवसायाचा खरा पाया होता. आज ज्यास आपण ‘माहिती’ म्हणतो ती तेव्हा माणसाच्या स्मरणात आणि कीर्द-खतावणीत साठविलेली असे.

अशा बँकेनेही काळाबरोबर यंत्रे स्वीकारली, आणि ते योग्यच झाले. २०१६ च्या नोव्हेंबरात तिने चेन्नईत ‘लक्ष्मी’ नावाचा एक यंत्रमानव ग्राहकांच्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी उभा केला. वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले, छायाचित्रे छापली. परंतु त्यानंतर पंधरा महिन्यांनी बँकेवर जो प्रसंग आला त्यात महत्त्वाची भूमिका या देखण्या यंत्रमानवाची नव्हती. ती होती एका साध्या प्रिंटरची.

हा प्रसंग समजण्यासाठी ‘स्विफ्ट’ ही व्यवस्था काय आहे हे पाहावयास हवे. १९७३ साली स्थापन झालेली व बेल्जियममध्ये कार्यालय असलेली ही बँकांची सहकारी संस्था आहे. ती पैसे हलवीत नाही. पैशांविषयीचे आदेश वाहून नेते. आपल्या जुन्या पेढ्यांवरील हुंडीची आठवण केल्यास ही गोष्ट सहज ध्यानी येईल. एका गावचा सावकार दुसऱ्या गावच्या सावकारास लिहून कळवी की, अमक्यास इतके रुपये द्यावेत. हुंडी हाती येताच तेथील मुनीम हस्ताक्षर व ठरलेली खूण ताडून पाही आणि मगच रक्कम मोजी. स्विफ्टचा संदेश ही आजची हुंडी होय. हस्ताक्षराची जागा गुप्त संकेतांनी घेतली आहे, एवढेच. ज्याच्या हाती ते संकेत पडले, त्याच्या हाती बँकेची सही पडली.

६ फेब्रुवारी २०१८ रोजी सिटी युनियन बँकेत स्विफ्टला जोडलेला प्रिंटर चालेनासा झाला. पाठविलेल्या प्रत्येक आदेशाची पोच या प्रिंटरवर छापून येत असे. प्रिंटर बिघडणे ही कोणत्याही कचेरीतील नित्याची घटना आहे. तिने कोणाची झोप उडत नाही. परंतु तो बिघडला नव्हता, बिघडविण्यात आला होता. दूर कोठेतरी बसलेल्या चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून तीन खोटे आदेश पाठविले होते आणि त्यांची पोच छापली जाऊ नये अशी तजवीज केली होती. पाच लाख डॉलर न्यूयॉर्कमार्गे दुबईस, तीन लाख युरो फ्रँकफुर्टमार्गे तुर्कस्तानास आणि दहा लाख डॉलर न्यूयॉर्कमार्गे चीनला, असे ते आदेश होते. ७ तारखेच्या सकाळी बँकेचे कर्मचारी आदल्या दिवसाच्या हिशेबाचा मेळ घालू लागले, तेव्हा आपण न पाठविलेले तीन आदेश आपल्या नावे गेलेले आहेत असे त्यांच्या दृष्टीस पडले. लागलीच परदेशी बँकांस कळविण्यात आले. दुबईची रक्कम अडविली गेली व परत आली. तुर्कस्तानातील रक्कमही गोठविण्यात आली. चीनला पोहोचलेल्या रकमेसाठी मात्र पुढे बराच खटाटोप करावा लागला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. चोरांचा घाव यंत्रावर होता, तसाच तो माणसाच्या वाचनावरही होता. पोच कोणी वाचू नये एवढ्यासाठीच प्रिंटर बंद पाडला गेला. आणि बँकेचा बचाव झाला तो कोणत्याही नव्या यंत्राने नव्हे, तर रोज सकाळी हिशेब जुळविण्याच्या एका जुन्या रिवाजाने. शंभर वर्षांपूर्वीच्या कुंभकोणममधील कारकुनाससुद्धा हा रिवाज परिचयाचा वाटला असता.

ही युक्ती नवी नव्हती. बरोबर दोन वर्षांपूर्वी, २०१६ च्या फेब्रुवारीत, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर याच रीतीने दरोडा पडला होता. तेथेही प्रिंटर बंद पाडण्यात आला, शिवाय तेथे आठवड्याच्या सुट्टीची वेळ साधण्यात आली, आणि ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये गेले. एका आदेशात इंग्रजी शब्दाचे शुद्धलेखन चुकले म्हणून श्रीलंकेस निघालेले २ कोटी डॉलर वाचले. (शुद्धलेखनास कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांना ही हकीकत जरूर सांगावी.) सर्व जगाने ही वार्ता वाचली होती. तरीही ‘प्रिंटर बंद असेल तर पोच मिळण्याचा दुसरा मार्ग कोणता, आणि पोच मिळेपर्यंत पुढील व्यवहार थांबवावा काय?’ हा प्रश्न किती बँकांच्या संचालक मंडळांपुढे चर्चेस आला असेल, याची मला शंका आहे. तो प्रश्न दुरुस्तीच्या खात्याचा मानला जातो. माझ्या मते चूक नेमकी येथे होते. यंत्र कोठे बसवावे, त्यास किती वेगाने चालू द्यावे आणि त्याचे काम कोणी तपासावे, हे प्रश्न धन्याचे होत. तंत्रज्ञाने त्यांत सल्ला द्यावा, निर्णय नव्हे.

त्याच महिन्यात दुसरे एक उदाहरण उघडकीस आले. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतील सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे प्रकरण जाहीर केले. तेथे बाहेरचा चोर नव्हता. स्विफ्टवरून हमीपत्रे जात राहिली. परंतु स्विफ्ट ही व्यवस्था बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीस जोडलेलीच नसल्यामुळे त्यांची नोंद हिशेबात झाली नाही. एकाच घरात दोन वह्या, आणि एकीचा दुसरीस पत्ता नाही! रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितले की, ऑगस्ट २०१६ पासून तिने बँकांना याविषयी निदान तीन वेळा सावध केले होते. दोन यंत्रे परस्परांस जोडावयाची की नाही, यात विद्युत्तारांचा प्रश्न थोडा आणि इच्छेचा फार असतो. जोडण्यास खर्च येतो, काही दिवस कामाचा खोळंबा होतो, आणि त्या खर्चातून नवा ग्राहक एकही मिळत नाही. म्हणून ते काम पुढच्या वर्षावर ढकलले जाते. धोरण म्हणतात ते असे, न घेतलेल्या निर्णयांतूनही घडत असते.

पुण्याच्या वाचकांस याहून जवळचे उदाहरण आठवेल. १९०६ साली स्थापन झालेली कॉसमॉस सहकारी बँक ही वयाने व स्वभावाने कुंभकोणमच्या बँकेची जणू बहीणच. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, २८ देशांतील एटीएम यंत्रांतून तिचे पैसे काही तासांत काढले गेले. एटीएमकडून आलेली मागणी बँकेच्या हिशेबप्रणालीपर्यंत पोहोचूच न देता, मध्येच एका बनावट यंत्रणेने ‘रक्कम द्यावी’ असे उत्तर दिले. खात्यात शिल्लक आहे किंवा नाही हे विचारणारा आणि सांगणारा यांच्यामध्ये तिसराच कोणी जाऊन बसला. १३ तारखेस स्विफ्टद्वारे आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला गेले. एकंदर नुकसान ९४ कोटी ४२ लाख रुपयांचे.

कुंभकोणमला जो रिवाज उपयोगी पडला तो येथे का पडला नाही? सकाळचा मेळ सकाळी होतो. एटीएमची लूट दोन मेळांच्या मधल्या अवकाशात झाली. ज्या काळी रकमा टपालाने जात, त्या काळी दिवसातून एकदा हिशेब जुळविणे पुरेसे होते. आज रक्कम क्षणार्धात जगाच्या दुसऱ्या टोकास जाते, तेव्हा तपासणीही त्याच गतीने झाली पाहिजे. ते शक्य नसेल तर व्यवहाराचीच गती मुद्दाम कमी केली पाहिजे. हा दुसरा पर्याय सुचविला की लोक हसतात. स्पर्धेच्या जगात ग्राहकास थांबावयास कोण सांगणार? परंतु शनिवारी रात्री परदेशी पाठवणी करणार नाही, असे एखाद्या बँकेने जाहीर केले, तर ती मागासलेली आहे असे मी म्हणणार नाही. आपली ताकद ओळखून तिने आपले धोरण ठरविले आहे, असे म्हणेन.

तंजावरचे एक उदाहरण येथे बोलके आहे. तेथील मराठा दरबाराचे जमाखर्च, पत्रे व आज्ञा मोडी लिपीत लिहिलेल्या आहेत आणि त्यांचे गठ्ठे आजही जतन केलेले आहेत. कोणत्या उत्सवास किती खर्च आला, कोणास किती वेतन दिले, हे सारे त्यांत आहे. परंतु १८५५ साली राज्य खालसा झाले, कारकुनांचा वर्ग पांगला, आणि मोडी वाचणारे डोळेच त्या प्रांतात दुर्मिळ झाले. पुढे तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागद तमिळमध्ये आणले, तेव्हा कोठे ते अभ्यासकांस पुन्हा बोलू लागले. माहिती मधल्या काळात नष्ट झाली नव्हती. तिचा वाचक नाहीसा झाला होता. आजच्या कचेऱ्यांत संगणक दररोज हजारो ओळींच्या नोंदी लिहितो: कोण आत आला, केव्हा आला, काय पाहिले. त्या वाचण्यासाठी माणूस नेमलेला नसेल तर त्या मोडीतच लिहिल्या आहेत असे समजावे.

लहान दुकानदाराची स्थिती याहून निराळी नाही. तंजावरच्या बाजारात डोलणाऱ्या बाहुल्या विकणारा असो वा पुण्याच्या मंडईतील भाजीवाला असो, त्याच्यापुढे यूपीआयचा चौकोनी छाप लावलेला असतो. २०१६ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेवर २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात १,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. पैसे दिल्याचे खोटे चित्र आपल्या दूरध्वनीवर दाखवून माल घेऊन जाणारे भामटे त्यास भेटतात. त्यावर उपाय सोपा आहे: गिऱ्हाईकाच्या हातातील पडदा पाहू नये, आपल्या खात्यातील नोंद पाहावी. गर्दीच्या वेळी हे करावयाचे तर गिऱ्हाईकास क्षणभर थांबवावे लागते, आणि ते थांबवावयाचे की नाही हे ठरविणारे त्या दुकानाचे संचालक मंडळ म्हणजे तो एकटा दुकानदार.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. लहान बँकांनी तज्ज्ञ कोठून आणावेत? त्यापेक्षा सारी यंत्रणा एखाद्या मोठ्या कंपनीकडे सोपवावी, हे स्वस्त व सुरक्षित नव्हे काय? स्वस्त आहे, आणि पुष्कळ वेळा सुरक्षितही आहे. तथापि २०२४ च्या जुलैअखेरीस अशाच एका कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा खबरदारी म्हणून तिला देशाच्या देयकव्यवस्थेपासून तोडावे लागले आणि सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार त्यामुळे खोळंबले. काम दुसऱ्यास देता येते. जबाबदारी देता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ च्या परिपत्रकात, संगणक-सुरक्षेचे धोरण सर्वसाधारण संगणक-धोरणाहून वेगळे असावे व ते संचालक मंडळाने मंजूर करावे, असे बँकांना सांगितले, त्यातील हेतू हाच दिसतो. दुर्दैवाने मंजुरी पुष्कळदा सहीपुरतीच राहते. तंत्रज्ञ अवघड शब्दांत अहवाल वाचतो, संचालक मान डोलावतात, आणि पुढचा विषय नव्या शाखेच्या उद्घाटनाचा असतो. तंत्रज्ञास सोप्या भाषेत बोलावयास लावणे, हे मला कोणतेही महाग यंत्र घेण्यापेक्षा अधिक निकडीचे वाटते.

महाराष्ट्रात सहकारी बँकांचे सभासद लक्षावधी आहेत. या पुस्तिकेच्या वाचकांपैकी कित्येकांचे आईवडील वार्षिक सर्वसाधारण सभेस जात असतील. तेथे लाभांश किती, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. पुढील सभेत आणखी दोन प्रश्न विचारण्यास हरकत नाही: बँकेने पाठविलेल्या आदेशांची पोच रोज कोण वाचतो? आणि ती पोच न आल्यास पुढील आदेश थांबतो काय?