परदेशी विद्या कोणासाठीं?

विद्यापीठांत परदेशांचा व परदेशी भाषांचा अभ्यास वाढवावा असें कोणी म्हटलें, कीं आपल्या शेतकरी व कारागीर बंधूंस तें श्रीमंतांच्या मुलांचें खूळ वाटतें. "मास्तर, आम्हांला त्याचा काय उपयोग?" असें पालक विचारितात. त्यांस आमचा उलट सवाल आहे. परदेश तुमच्या दाराशीं येऊन बसला आहे; त्याची ओळख तुम्ही कोणाकडून करून घेणार?

बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत पियाजिओच्या तीनचाकी गाड्या व फेरेरोचें चॉकलेट तयार होतें. ह्या दोन्ही कंपन्या मूळच्या इटलीच्या. इंदापूर तालुक्यांतील द्राक्षें व डाळिंबें समुद्रापार जातात. २०१० सालीं वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट ह्या औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला व भारतीय द्राक्षें युरोपांत अडलीं. मर्यादा ठरली तिकडे, तोटा सोसला इकडच्या बागाईतदारानें. हे नियम कोण करितो, कोणत्या भाषेंत छापितो, दाद कोठें मागावी, हें जाणणारें माणूस आपल्या घरांत नसेल, तर आपल्या घामाचा भाव दुसराच ठरविणार.

परदेशी विद्येनें पोर हातचें जातें, ही भीतिहि खोटी आहे. कवळाण्याच्या शेतकरी घरांत जन्मलेल्या सयाजीराव महाराजांनीं शिष्यवृत्ति दिली व १९१३ सालीं भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. परत आल्यावर १९१८ सालीं त्यांनीं निबंध लिहिला तो हिंदुस्थानांतील शेतीच्या लहान तुकड्यांवर! जमिनीवरचा जादा माणसांचा भार उद्योगधंदे वाढवून हलका करावा, असें त्यांनीं त्यांत दाखविलें. सातासमुद्रापलीकडची विद्या अशी बांधावर उतरली.

पण आज ही विद्या आहे कोठें? पुणें विद्यापीठाचा परदेशी भाषांचा विभाग पुण्यांत, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारांत. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी तेथें शिकवितात. बारामतीहून पुणें सुमारें १०० किलोमीटर; इंदापूर त्याहून लांब. खोलीचें भाडें व खाणावळ ज्यास झेपेल त्याचेंच पोर तेथें टिकतें. पैसा रयतेचा आणि वरची विद्या मूठभरांची, हें गाऱ्हाणें जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें मांडिलें होतें. २०१४ पासून ह्या विद्यापीठास सावित्रीबाईंचें नांव आहे. त्या नांवास त्यानें जागावें.

आमचें मागणें मोठें नाहीं. तालुक्याच्या कॉलेजांतून परदेशी भाषांचे वर्ग मराठींतून समजावून चालवावे. शेतमालाच्या परदेशी व्यापाराचे नियम त्यांत शिकवावे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवची सरकारी परदेश शिष्यवृत्ति आहे; तिची व अशा इतर शिष्यवृत्त्यांची खबर मुदतीच्या आधीं गांवच्या शाळेंत लागावी.

आणि आईबापांनो, वर्ग निघाले तर मुलाबरोबर मुलीसहि पाठवा. द्राक्षाची पेटी समुद्रापार धाडितां, मग लेकीची बुद्धि उंबऱ्याआड कां ठेवितां?