स्वच्छ परागकणाचे चित्र पुरे झाले!

कपाशीचा परागकण सुमारे ०.१ मिलिमीटरचा, काटेरी. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातही तो ठळक दिसतो. विद्यार्थिमित्रांनो, परभणी-गंगाखेड रस्त्यालगतच्या शेतातले एक फूल घ्या, दुसरे रस्त्यापासून दूरचे. काट्यांत अडकलेले धूलिकण मोजा. प्रयोगवहीत मात्र परागकण नेहमी धुतल्यासारखा काढतात! मला हे पटत नाही. दिसेल तेच काढावे.

पण कणावर बसलेली धूळ म्हणजे कणात शिरलेले प्रदूषण नव्हे. ओझोनच्या साथीने धुरातील नायट्रोजन डायऑक्साइडमुळे परागातील प्रथिनांना नायट्रो गट जोडला जातो. अशी प्रथिने अधिक ॲलर्जीकारक ठरू शकतात. हा बदल भिंगातून दिसत नाही, त्याला रासायनिक कसोटीच हवी. त्यासाठी गुरुजींनी १९७२ पासून परभणीतच असलेल्या कृषी विद्यापीठाकडे विचारणा करावी.