गव्हाणीला पिंजरच शोभते



आगमनकाळाचा पहिला रविवार आला, की आमच्या बेळगावात घरोघरी माळ्यावरचा खोका खाली उतरतो. चमकीची झालर, प्लास्टिकचे झाड, निम्मीच पेटणारी दिव्यांची माळ. त्यातले बरेचसे टाकून द्यायचे आणि तेवढेच नवे बाजारातून आणायचे, हे ठरलेलेच.

गेल्या नाताळात आम्ही धर्मशिक्षक मुलांना घेऊन नाताळगीते गात फिरत होतो. एका घरापुढे थांबलो. आत दिवा होता, माणसांची चाहूलही होती, पण दार काही उघडले नाही. पुढे जानेवारीत त्या घरातली मुलगी वर्गात सहज बोलून गेली, "टीचर, आमच्याकडे काही सजवलंच नव्हतं. मम्मी म्हणाली, लोकांना आत कसं बोलवायचं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. कारण धर्मग्रामातल्या गोठ्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आम्हीच. फिरते दिवे, थर्माकोलचे डोंगर, पंपाने उडणारे कारंजे यांना भरभरून गुण दिले ते आम्हीच. नाताळची सजावट म्हणजे काय हे वर्षानुवर्षे आम्ही त्या आईला शिकवले, आणि ती मात्र बिचारी नीट शिकली!

म्हणून यंदा आमचे मत स्पष्ट मांडतो. नाताळची सजावट घरी, आपल्या हातांनी, हाताशी असलेल्या वस्तूंची आणि त्यांच्या मूळ रंगातच करावी. यात पैसे वाचतात हे खरेच, पण खरे कारण शुभवर्तमानात आहे. मरियेने बाळाला बाळंत्यात गुंडाळले आणि गव्हाणीत ठेवले (लूक २:७). मेंढपाळांना जी खूण सांगितली गेली, तीही हीच (लूक २:१२). पुढे मंदिरात अर्पणाची वेळ आली. ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांनी दोन पाखरे द्यावीत, अशी सवलत नियमशास्त्रात होती (लेवीय १२:८). लूक त्या प्रसंगी पाखरांचाच उल्लेख करतो (लूक २:२४). योसेफ आणि मरियेलाही खिसा पाहूनच खर्च करावा लागला होता.

असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळ साजरा केला, तेव्हा गवताने भरलेली गव्हाण, एक बैल आणि एक गाढव एवढीच मांडणी होती. त्या गव्हाणीपाशी मिस्सा झाली. आपल्या गोठ्यांची परंपरा तिथून सांगितली जाते. त्याच ग्रेच्चोमध्ये १ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी गोठ्याविषयीच्या पत्रावर सही केली. गोठा कसा मांडला आहे याला महत्त्व नाही, तो आपल्या जीवनाशी बोलतो का याला आहे, असा त्या पत्राचा आशय आहे.

मग करायचे काय? खानापूर भागात भाताची मळणी झालेली असते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन पेंढ्या पिंजर मागून आणा. गोठ्याचे छप्पर, गव्हाणीतले अंथरूण, दारावरचे कडे, सगळे त्यातून होते. बाळ येशूच्या बाळंत्यासाठी कोरे मांजरपाट घ्या, धुवट नको. रिकाम्या पोत्याचे गोणपाट गोठ्याखाली अंथरा. सुरूची पडलेली फळे मुलांना वेचू द्या, सुतळीत ओवली की तोरण झाले.

दिवाळीचा आकाशकंदील उतरवला असेल तर त्याच्या बांबूच्या कामट्या टाकू नका. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधा आणि त्यांची पाचही टोके एकमेकांना बांधा. आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर काड्या आडव्या बसवल्या, की तारा फुगतो. वर पांढरा पतंगी कागद लावा, आत लहानसा बल्ब सोडा. छोट्या चांदण्यांसाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि साधारण एक वाटी पाणी घालून घट्ट मळा. पातळ लाटून कापा, काडीने भोक पाडा आणि तीन-चार दिवस उन्हात वाळवा. एक काळजी मात्र घ्या, पिंजराजवळ पेटती मेणबत्ती ठेवू नका.

आगमनकाळाच्या चक्राचेही असेच. १८३९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान विखर्न हे धर्मसेवक गरीब मुलांचा आश्रम चालवत होते. नाताळ कधी येणार म्हणून मुले सारखी विचारत, तेव्हा त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावून दिवस मोजायला शिकवले. आपण दिवाळीच्या चार पणत्या धुऊन पुसून पिंजराच्या कड्याबाहेर मांडाव्यात आणि त्यांत तीन जांभळ्या व एक गुलाबी मेणबत्ती लावावी.

याला विरोध होतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. एक आजी आम्हाला म्हणाल्या, "सगळंच पांढरं नि मातकट? सुतक आहे का घरात?" आजींना आम्ही एवढेच म्हटले, की नाताळच्या मिस्सेला फादरही पांढरीच वस्त्रे घालतात आणि चर्चमध्ये पांढरा रंग आनंदाचा असतो. शिवाय पिंजर उन्हात धरून पाहा, ते मातकट नसते, सोनेरी असते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. एक काका म्हणाले, "आमचं बालपण पिंजराच्या छपराखालीच गेलं. आता कुठे चार दिवे लावायची ऐपत आली, तर तुम्ही परत पिंजरच आणता?" काकांचे बरोबर आहे. ज्याने गरिबी भोगली, त्याला गरिबीचा देखावा दाखवू नये. कारखान्यात मुद्दाम जुनाट दिसेल असा बनवलेला महागडा तारा आणून 'साधेपणा' मिरवणे आम्हालाही मान्य नाही. तीही झगमगच, फक्त रंग वेगळा. काकांनी आपले दिवे आनंदाने लावावेत. आमचे मागणे एवढेच, की त्या दिव्यांवरून शेजाऱ्याचा नाताळ कुणी मोजू नये.

म्हणून स्पर्धेचे नियम यंदा बदलावेत, असे आम्ही फादरांना सुचवले आहे. खर्च दोनशे रुपयांच्या आत, काम घरातल्यांच्याच हातचे, आणि दिव्यांना वेगळे गुण नाहीत. वाचलेले पैसे पाकिटात घालून गोठ्यापाशी ठेवावेत. ते कुणाला द्यायचे हे त्या त्या घरातल्या मुलांनी ठरवावे.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या बंद राहिलेल्या घरी गेलो. सजावटीचे सामान घेऊन नाही, तर एक अडचण घेऊन. पिंजराची दोरी आमच्यापैकी कुणालाच वळता येत नाही, आणि दोरीशिवाय कडे टिकत नाही. मुलीची आई खेड्यात वाढलेली. तिने मूठभर पिंजर घेतले, पाण्याचा हात लावला आणि बोलता बोलता हातभर दोरी वळून दिली. येत्या शनिवारी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर ती सगळ्या मुलांना शिकवणार आहे. पालकांनीही यावे. येताना आपापली पेंढी आणावी.

प्रभू येशूचा जन्मोत्सव आपणा सर्वांना आनंदाचा जावो.