शाळेंत एक हातमाग हवा

साजगांवच्या विठोबाची यात्रा कार्तिकांत भरते. तेथील सुक्या मासळीच्या बाजारामुळें लोक ह्या देवास प्रेमानें 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. परंतु त्याच बाजारांत घोंगड्यांचीही विक्री होते. गेल्या यात्रेंत एक गृहस्थ घोंगडीच्या किंमतीवरून बराच वेळ घासाघीस करून रित्या हातांनीं उठले, आणि शेजारच्या दुकानांतून यंत्रावर विणलेलें ब्लँकेट मागितलेल्या किंमतीस घेऊन गेले. तें पाहून मनांत जे विचार आले, ते विद्यार्थ्यांपुढें ठेवितों.

त्या गृहस्थांस मी कृपण म्हणत नाहीं. त्यांस त्या वस्तूची पारख नव्हती, इतकेंच. दख्खनी मेंढीची लोकर कातरावयाची, पिंजावयाची, तिचें सूत काढावयाचें, ताण्यास चिंचोक्याची खळ द्यावयाची, आणि मग सनगरानें खड्ड्याच्या मागावर बसून धोटा फेकावयाचा! हे श्रम ज्यानें कधीं पाहिले नाहींत, त्यास घोंगडी म्हणजे अंगास टोंचणारें एक काळें वस्त्र.

हातमागाचे दिवस सरले, असें पुष्कळांचें मत आहे. आमच्या खालापूर तालुक्यांत तर तें सहज पटावें; कारण शेजारच्या खोपोलीस १९१५ सालीं टाटांचें जलविद्युत्‌गृह सुरू झालें, आणि तेथील विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालूं लागल्या. परंतु १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. तेव्हां यंत्राचें राज्य तेवढें अढळ, असें कोणीं समजूं नये.

ह्या बाबतींत स्वीडन देशाचें उदाहरण बोधप्रद आहे. तेथेंही गिरणीच्या कापडापुढें घरोघरचे माग अडगळींत पडूं लागले होते. १८७४ सालीं सोफी आडलरस्पारे ह्या बाईंनीं हस्तकलेच्या रक्षणार्थ स्टॉकहोम येथें संस्था काढिली. १८९९ सालीं लिल्ली सिकरमन ह्यांनीं गृहोद्योगांसाठीं दुसरी संस्था स्थापिली व तिच्या मालास राजधानींत दुकान मिळवून दिलें. पुढें त्यांनीं प्रांतोप्रांतींच्या जुन्या विणकामाचीं सुमारें २४,००० छायाचित्रें जमविलीं. आजही त्या देशांतील शाळांत मुलगे व मुली दोघांसही हस्तव्यवसाय हा सक्तीचा विषय आहे. तेथील सर्व मुलें विणकर होत नाहींत. परंतु ज्यानें एकदां स्वतः धागा ओढिला, तो दुसऱ्याच्या श्रमाची किंमत पाडून मागण्यास लाजतो.

"मुलांस शिकवून मोठें करावयाचें, कीं कोष्टी करावयाचें?" असें पालक विचारतील. त्यांस माझें नम्र उत्तर असें, कीं महान् प्रेषित पौल तंबू करून पोट भरीत असे, आणि त्यायोगें त्याच्या विद्वत्तेस उणेपणा आला नाहीं. आमच्याच मराठी मुलखांत, अहमदनगरास, अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चिलसाहेबांनीं गेल्या शतकाच्या आरंभीं सुधारलेला हातमाग तयार करण्यासाठीं खटपट केली. हा वारसा आपण केवळ इतिहासांत वाचावा काय?

शाळेंत एक माग बसवावा. गांवोगांवच्या जाणत्या विणकरांस मानधन देऊन, गुरु म्हणून, बोलवावें. आणि प्रत्येक विद्यार्थ्यानें वर्षांतून निदान हातभर तरी वीण स्वतः विणावी. मग पुढें कधीं साजगांवच्या यात्रेंत तो घोंगडीवाल्यापुढें बसेल, तेव्हां किंमत विचारण्यापूर्वीं तो वीण पाहील.