परदेशी निघालात? औषधांची पिशवी आधी भरा

गेल्या पंधरवड्यात आमच्या गल्लीतल्या एक वहिनी रक्तदाब तपासून घ्यायला दवाखान्यात आल्या. मुलगी दुबईला असते, तिचे पहिले बाळंतपण महिन्यावर आले आहे आणि वहिनी आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत. रक्तदाब थोडा वाढलेला होता. तो विमानाच्या धास्तीने की सामानाच्या, हे सांगणे कठीण, कारण पर्समधून त्यांनी सामानाची चांगली दोन पानी यादीच काढून माझ्यापुढे ठेवली. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा, बाळाच्या दुपट्यांसाठी जुनी मऊ लुगडी, घरचा मसाला आणि खसखस पाव किलो. त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र यादीत कुठेच नव्हत्या. विचारले तर म्हणाल्या, "त्या काय, निघताना टाकीन पिशवीत."

मी म्हटले, "वहिनी, आधी खसखस काढा."

"अहो डॉक्टर, खसखशीशिवाय डिंकाचा लाडू होतो का?"

लाडवाबद्दल त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पण खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात उघड मिळते, आपण ती अनारशाला लावतो, मालवणी मसाल्यात भाजून घालतो. संयुक्त अरब अमिरातीत मात्र ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. सिंगापूरलाही नेता येत नाही. तिथल्या विमानतळावर "मुलीच्या बाळंतपणासाठी आणली" हे सांगून भागत नाही. प्रकरण अटकेपर्यंत जाऊ शकते. आणि खसखस नुसती पुडीत नसते, ती मसाल्यात आणि लाडवातही असते, हे निघण्यापूर्वी ध्यानात घ्यावे लागते.

इथवर मी मोठ्या रुबाबात बोललो. मग त्यांना घरातली सगळी औषधे आणायला सांगितली. संध्याकाळी त्या एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या आणि तिच्यात मला माझ्याच हस्ताक्षराचा कागद सापडला. दोन महिन्यांपूर्वी गुडघेदुखीसाठी मीच त्यांना ट्रामाडॉल असलेली गोळी लिहून दिली होती. अर्धी पट्टी उरली होती आणि "तिकडे थंड हवेत गुडघा धरला तर" म्हणून ती त्या नेणारच होत्या. ट्रामाडॉल शरीरात अफूच्या गटातील औषधांसारखेच काम करते. आपल्या देशातही २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. अमिरातीत असे औषध न्यायचे तर तिथल्या सरकारची आगाऊ ऑनलाइन परवानगी लागते. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचेही तसेच. खसखशीवर व्याख्यान झोडणाऱ्या डॉक्टरने आपलीच चिठ्ठी तपासली नव्हती! ती पट्टी मी ठेवून घेतली.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की परदेशी जाणाऱ्या माणसाची औषधांची पिशवी त्याच्या डॉक्टरने स्वतः उघडून पाहावी. ही आम्हा डॉक्टरांची जबाबदारी आहे आणि आम्ही ती टाळतो. आमचे अक्षर हा तर विनोदाचाच विषय झाला आहे. औषधाचे मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असे २०१६ च्या नियमात सांगितले आहे. आपल्या केमिस्टला आमचा फराटा वाचता येतो, पण न्यू जर्सीच्या केमिस्टला आमची ब्रँडची नावेही ठाऊक नसतात. तेव्हा जाण्यापूर्वी डॉक्टरकडून एक स्वच्छ कागद हक्काने मागून घ्या. त्यावर पासपोर्टवर आहे तसेच नाव, आजार, औषधांची मूळ नावे, मात्रा आणि ॲलर्जी हवी. डॉक्टर कुरकुरला तरी उठू नका.

गोळ्यांच्या बाबतीत आपली एक खास सवय आहे. दुकानदार पट्टी कापून दहाऐवजी सहा गोळ्या देतो आणि कापताना नाव व मुदतीची तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते. मग त्या गोळ्या सोडवून आपण बामच्या रिकाम्या डबीत भरतो. घरात हे चालून जाते. कस्टमच्या माणसाला मात्र त्या डबीत फक्त बिननावाच्या पांढऱ्या गोळ्या दिसतात. पूर्ण पट्ट्या, मूळ वेष्टनात, बिलासह न्या.

आता दुसरी गोष्ट, जी मला अधिक जाचते. काही वर्षांपूर्वी माझे एक रुग्ण, निवृत्त मुख्याध्यापक, मुलाकडे अमेरिकेला निघाले. मधुमेह जुना, दिवसातून दोनदा इन्सुलिन. हातातली बॅग हलकी असावी म्हणून त्यांनी इन्सुलिन, ग्लुकोमीटर, सगळे मोठ्या बॅगेत घातले आणि हातात घेतले काय, तर नातवासाठी चिवडा. वाटेत विमान बदलताना मोठी बॅग मागे राहिली आणि तिसऱ्या दिवशी घरी पोहोचली. तोवर गुरुजी इस्पितळात होते. प्रवासाच्या विम्यात जुन्या आजाराचा समावेश नव्हता, त्यामुळे सगळे बिल मुलाने भरले. गुरुजी बरे झाले, पण "मी लेकाला भार झालो," हे वाक्य ते परत आल्यावर माझ्यासमोर खुर्चीत बसून तीनदा बोलले. निघण्यापूर्वी ते मला भेटून गेले होते. मी शुभेच्छा दिल्या होत्या आणि बॅगेचे विचारले नव्हते.

इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेतच हवे. बॅग हरवते हे एक कारण, आणि विमानाच्या पोटात ते गोठू शकते हे दुसरे. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी वापरायचे नसते. सुया आणि पेन डॉक्टरांच्या कागदासह जवळ ठेवता येतात. १०० मिलीलिटरहून जास्त द्रव पदार्थ हातात नेऊ न देण्याचा नियम २००६ पासून आला, पण गरजेच्या औषधांना त्यातून सूट आहे. तपासणीच्या वेळी ती आपण होऊन दाखवावीत. खरे सांगायचे तर इन्सुलिनला विमानातल्या प्रवासापेक्षा आपल्या गावाहून मुंबईपर्यंतचा प्रवास जास्त बाधतो. मे महिन्यात मोटारीच्या डिकीत सहा-सात तास ते अक्षरशः शिजते. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, बर्फाला थेट टेकणार नाही असे, कापडात गुंडाळून मांडीवर घेऊन बसा.

अमेरिकेला सहा महिन्यांसाठी जाणारे आईवडील सहा महिन्यांची औषधे नेऊ पाहतात. तिथे सर्वसाधारणपणे तीन महिन्यांपुरतीच स्वतःसाठी आणलेली औषधे चालतात. रक्तदाब-मधुमेहाची नेहमीची बरीच औषधे तिकडेही मिळतात, फक्त तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. आणि नावे बदलतात. पॅरासिटामॉलला तिकडे ॲसिटॅमिनोफेन म्हणतात, दम्याच्या पंपातल्या साल्बुटामॉलला अल्ब्युटेरॉल. हे माहीत नसले की माणूस घरून नेलेली तापाची गोळी घेतो आणि वर सुनेने दिलेली सर्दीची गोळीही घेतो. दोन्हींत औषध तेच असू शकते, आणि जास्त झाले तर ते यकृताला महागात पडते.

बाकी सामानाबद्दल डॉक्टरने बोलू नये म्हणतात, तरी एक बोलतो. २३ किलोची बॅग साठीच्या माणसाने पट्ट्यावरून एकट्याने ओढायची नाही. हर्निया आणि कंबर, दोन्ही वाट पाहात असतात. शेजारच्या तरुण मुलाला हाक मारायला लाजू नका.

वहिनी परवा पुन्हा आल्या. रक्तदाब उतरला होता. गुडघ्यासाठी दुसरी साधी गोळी, पूर्ण पट्टीत, नावासह दिली आणि कागद मोठ्या अक्षरांत लिहिला. लाडू खसखशीशिवाय केले होते. "चवीला उणेच झालेत," असे म्हणत दोन माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.