लस महागडी नको, वेळेवर हवी!

खासगी दवाखान्यातली विकतची लस अस्सल आणि सरकारी दवाखान्यातली फुकटची लस दुय्यम, हा समज आमच्या वस्त्यांत खोलवर रुजला आहे. कावीळ ‘ब’च्या लसीसाठी मोलमजुरी करणारा बापही उसनवारी करतो. हा समज पुराव्यावर तपासलाच पाहिजे.

या रोगाची पहिली लस 1981 साली अमेरिकेत आली. ती माणसाच्या रक्तापासून बनत असे. 1986 साली यीस्टमध्ये जनुकतंत्राने बनवलेली लस आली. आज आपल्याकडे सरकारी व खासगी, दोन्हीकडे याच तंत्राची लस मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने कावीळ होऊच शकत नाही. 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि महागड्या परदेशी लसींची मक्तेदारी मोडली. सर्व डोस मिळाले तर शंभरातील पंचाण्णवांहून अधिक बाळांना संरक्षण मिळते. गंभीर अॅलर्जी सुमारे दहा लाख डोसांत एखादी. पेंटाव्हॅलंट लसीनंतर ताप येतो, तो मुख्यतः तिच्यातील डांग्या खोकल्याच्या घटकामुळे. खासगीतील ‘न दुखणाऱ्या’ लसीत हा घटक वेगळा असल्याने ताप कमी येतो, हे खरे. पण त्यामुळे काविळीपासून जास्त संरक्षण मिळते, हे खरे नाही.

मग फरक पडतो कशाने? वेळेने! बाळंतपणात आईकडून विषाणू शिरला तर शंभरातील सुमारे नव्वद बाळांत तो कायमचा ठाण मांडतो. पुढे यकृत निकामी होते, कर्करोग होतो. तेव्हा गळ्यात काविळीची माळ घालून काय उपयोग? म्हणून पहिला डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत हवा. पेंटाव्हॅलंट सहा आठवड्यांच्या आधी देता येत नाही, म्हणजे या डोसाला दुसरा पर्याय नाही. तैवानने 1984 साली बाळांचे लसीकरण सुरू केले आणि पुढे तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग जवळपास निम्म्यावर आला.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद, संग्रामपूरची आदिवासी गावे आहेत. तिथले बाळ रविवारी रात्री जन्मले म्हणून 24 तास थांबत नाहीत. दहा डोसांची कुपी एका बाळासाठी कशी फोडायची, ही सबब देशभर ऐकू येते. परंतु उघडलेली कुपी नीट थंड ठेवल्यास 28 दिवस वापरता येते, हे केंद्र सरकारचेच धोरण आहे. ही लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. ती गोठली की निकामी होते. म्हणजे प्रश्न कंपनीचा नाही, फ्रिजचा आणि घड्याळाचा आहे!

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या कलम 47 ने राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. फुकटची लस ही मेहेरबानी नव्हे, आपला हक्क आहे. म्हणून आमची मागणी आहे की जिल्ह्यातील प्रत्येक प्रसूतिगृहात, सरकारी असो वा खासगी, सुटीच्या दिवशीही हा डोस मिळाला पाहिजे आणि त्याची तारीख व वेळ कार्डावर लिहिली गेली पाहिजे. कार्यकर्त्यांनी आणि महिला मंडळांनी गरोदर भगिनींच्या घरच्यांना आताच सांगून ठेवावे: बाळ जन्मले की पेढे नंतर, आधी लस मागा. पहिला डोस हुकला तरी पुढचे तीन सोडू नका. आणि डोस नाकारला तर कारण लेखी मागा. लेखी मागणाऱ्याला टाळणे सोपे नसते!