व्याकरणशुद्ध, परंतु अयोग्य

‘तो अग्नीने झाड शिंपतो’ या वाक्यात व्याकरणाची कोणतीही चूक नाही. कर्ता, करण, कर्म, क्रियापद, सारे जागच्या जागी आहे. तरीही आपल्या नैयायिकांनी अशा वाक्यास प्रमाण मानले नाही. कारण तेथे आकांक्षा आहे, सन्निधी आहे, परंतु योग्यता नाही. शिंपणे हे अग्नीचे काम नव्हे. जावा या संगणकीय भाषेत लिहिणाऱ्यांमध्ये एक वाद आहे: आपल्या संस्थेचे, आपल्या विषयाचे खास नियम कंपायलरमध्येच बसवावेत, की त्याच्या बाहेर ठेवावेत? वरवर पाहता हा कारागिरांचा घरगुती प्रश्न वाटतो. माझ्या मते तो योग्यतेचाच प्रश्न आहे, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकानेही त्यात बोलण्यास हरकत नसावी.

माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या उपयोगी रूपात उतरविणे हे कंपायलरचे काम. (मराठीत त्यास ‘संकलक’ म्हणतात, वेचे काढणाऱ्याचे नाव भाषांतरकारास दिल्यासारखे ते मला वाटते.) तो जावाचे व्याकरण पाहतो, मूल्यांचे प्रकारही पाहतो, म्हणजे योग्यतेचा थोडा भाग त्याच्या ध्यानात असतो. परंतु रुपया म्हणजे काय, हे त्यास ठाऊक नसते. व्याजाचा हिशेब करणाऱ्या आज्ञावलीत कोणी दशांश नेमका सांभाळणारा ‘बिगडेसिमल’ हा प्रकार वापरला आणि त्याच्या हाती ०.१ ही संख्या नुसतीच दिली, तर ती आधी द्विमान अपूर्णांकात उतरते, आणि त्या पद्धतीत एक दशांश नेमका मावत नाही. मग साठविली जाते ती संख्या अशी: ०.१, त्यापुढे सोळा शून्ये, आणि त्यापुढे ५५५ पासून सुरू होणारी लांबलचक शेपटी. तेच ०.१ अवतरणचिन्हांत लिहून दिले की नेमके ०.१ राहते. ही शेपटी हिशेबात शिरली की बरोबरीची तुलना फसते, अर्ध्या पैशाच्या काठावरचे पूर्णांकन भलतीकडे झुकते, आणि त्याचा जाब विचारावयास ठेवीदार खिडकीवर येतो. कंपायलरच्या लेखी मात्र दोन्ही वाक्ये सारखीच शुद्ध.

नियम बाहेर ठेवावेत म्हणणाऱ्यांची परंपरा लहान नाही. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली सी भाषेसाठी ‘लिंट’ हे स्वतंत्र साधन वर्णिले, तेव्हा त्यामागचा विचार हाच होता की कंपायलरने आपले भाषांतर चटकन उरकावे आणि कठोर तपासणी दुसऱ्याने करावी. विचार सुबक आहे. व्यवहारात तो टिकत नाही. स्वतंत्र साधन स्वतंत्र अहवाल देते, आणि अहवालाचे आपल्याकडे आणि परदेशी जे होते तेच होते. गूगलमधील अभियंत्यांनी २०१८ साली ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या मासिकात आपला अनुभव मांडला आहे. कंपायलरने लिहितानाच अडविलेल्या दोषांपैकी ७४ टक्के दोष तेथील लेखकांना खरे वाटले. तशाच प्रकारचे दोष आधीच जमा झालेल्या कोडमध्ये दाखविले तेव्हा केवळ २१ टक्के. दोषाची जात तीच, वेळ निराळी. शाई ओली असताना केलेली दुरुस्ती माणूस मानतो.

जावामध्ये ही सोय टप्प्याटप्प्याने आली. २००६ अखेरच्या सहाव्या आवृत्तीत ‘अ‍ॅनोटेशन प्रोसेसर’ कंपायलरमध्ये बसविण्याची प्रमाणित रीत मिळाली. परंतु त्याला दारावरच्या पाट्या तेवढ्या वाचता येतात: वर्गांची, क्षेत्रांची, पद्धतींची घोषणा. आपली अवतरणचिन्हे तर घराच्या आत, पद्धतीच्या अंगात असतात. तेथे पोहोचावयाचे तर कंपायलरने वाचलेल्या मजकुराचा वाक्यवृक्षच हाती घ्यावा लागतो. २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून असा ‘प्लगिन’ अधिकृतपणे जोडता येतो आणि प्रत्येक टप्पा संपल्याची वर्दी त्यास मिळते. तपासणी विश्लेषणाच्या टप्प्यानंतर करावी. त्याआधी ‘बिगडेसिमल’ हे केवळ एक नाव असते. ते कोणाचे, आणि त्याच्या हाती दिलेली संख्या कोणत्या प्रकारची, हे विश्लेषणानंतरच निश्चित होते.

मात्र कंपायलरमध्ये बसविलेला नियम काम थांबवितो, म्हणून तेथे प्रवेश मिळणारे नियम मोजकेच हवेत. ज्याची हाक खोटी ठरत नाही, जो चुकीबरोबर दुरुस्तीही सांगतो, आणि ज्याच्यापायी जुना मजकूर आधी स्वच्छ करून घेतला आहे, असाच नियम आत घ्यावा. ओळीची लांबी, नावांची ठेवण, कंसांची जागा यांसाठी इमारतीचे काम अडवू नये. ऱ्हस्व-दीर्घाच्या वादांत हयात घालविलेल्या मराठी माणसास हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. नुसत्या सूचनाही मला नकोत. शंभर सूचनांखाली एकशे एकावी कोणी वाचत नाही.

आणखी एक मर्यादा मी घालीन. ‘लोंबोक’सारखी लोकप्रिय साधने कंपायलरच्या आतल्या वृक्षातच भर घालतात: लेखकाने न लिहिलेल्या पद्धती तेथे उगवतात. श्रम वाचतात हे खरे. पण परीक्षकाने उत्तरपत्रिकेत स्वतःच्या ओळी लिहू लागावे, तसे हे आहे. जो मजकूर आपण वाचतो आणि जो यंत्रास मिळतो, त्यांत अंतर पडते. तपासनिसाने नाकारावे, फार तर दुरुस्ती सुचवावी. लेखणी मूळ हातातच राहू द्यावी.

२०२१ च्या सोळाव्या आवृत्तीने कंपायलरच्या आतल्या खोल्यांना कुलपे लावली, तेव्हा गूगलचे ‘एरर प्रोन’ चालविणाऱ्यांस परवानग्यांची लांब यादी जोडावी लागू लागली, आणि तक्रारीही झाल्या. मला ती कुलपे योग्य वाटतात. अवतरणचिन्हांच्या नियमासाठी उघड ठेवलेला वाक्यवृक्ष पुरतो. आतल्या खोलीत शिरण्याचे कारणच पडत नाही. २०२४ च्या तेविसाव्या आवृत्तीपासून तर मार्गात केवळ सापडला म्हणून अ‍ॅनोटेशन प्रोसेसर चालविला जात नाही. तो हवा असल्यास तसे स्पष्ट लिहून द्यावे लागते. आपल्या मजकुरावर तपासनीस म्हणून कोणाला बसविले आहे, याची नोंद त्यामुळे आपोआपच दप्तरी राहते.